कांचनजंगाचे शिल्पकार : चार्ल्स कोरिया

घाटकोपरहून मुलुंडला एलबीएस रोडने बसमधून जाताना कधी होर्डिंग्ज वाचलीत? प्रत्येक दुसऱ्या टॉवरच्या नावात ग्रीन, इको नाहीतर गार्डन असतंच. चित्रात बाल्कनीतून वेली लोंबत असतात आणि पझेशन मिळाल्यावर पाहावं तर चारी बाजूंना काच आणि प्रत्येक खिडकीखाली एसीचा डबा! उंच इमारत आणि निसर्ग यांचं सूत जुळणारच नाही, अशी आपली समजूत होते ती यामुळे. पण ‘सस्टेनेबल’ हा शब्द आपल्या सिलॅबसमध्ये यायच्या कितीतरी वर्षं आधी एका आर्किटेक्टने याच मुंबईत, अठ्ठावीस मजल्यांवर, हे सूत जुळवून दाखवलं होतं. त्यांचं नाव चार्ल्स कोरिया. आर्किटेक्चरच्या मुलांना ते पाठ असतं, आपण इंजिनिअर मात्र बीम आणि कॉलमच्या पुढे जात नाही. म्हणून हा लेख.

कोरिया मूळचे गोव्याच्या घराण्यातले. जन्म १ सप्टेंबर १९३० चा, सिकंदराबादचा. लहानपणी त्यांना खेळण्यातल्या आगगाडीचं भयंकर वेड. हाताशी रूळ थोडेच, त्यामुळे कॅटलॉग उघडून ते कागदावरच रुळांच्या मांडण्या करत बसायचे. कुठे सांधा द्यायचा, गाडी कुठून वळवायची, एवढ्याच तुकड्यांत जास्तीत जास्त काय बसवता येईल, हे सगळं डोक्यात. पुढे आयुष्यभर कमी जागेत आणि कमी पैशांत घरं बसवणाऱ्या माणसाची ती प्रॅक्टिसच म्हणायची.

मुंबईत सेंट झेवियर्सला शिकून १९४९ मध्ये ते अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात गेले. तिथे बकमिन्स्टर फुलर यांच्यासारखे शिक्षक लाभले, ज्यांचे जिओडेसिक डोम आपण फक्त पुस्तकात पाहतो. मग एमआयटीतून मास्टर्स (अर्थात बॉस्टनजवळची एमआयटी, कोथरूडची नव्हे!). तिथे त्यांनी थीसिस म्हणून चक्क एक फिल्म केली. विषय होता, मोडकळीला आलेल्या वस्तीतली माणसं एकत्र येऊन आपली वस्ती कशी सुधारू शकतात. ड्रॉइंग शीट्स सोडून फिल्म सबमिट करायला धाडस लागतं, हे सबमिशनच्या आदल्या रात्री जागलेल्या कुणालाही पटेल.

१९५८ मध्ये त्यांनी मुंबईत स्वतःची प्रॅक्टिस सुरू केली आणि त्याच सुमारास अहमदाबादला साबरमती आश्रमातल्या गांधी स्मारक संग्रहालयाचं काम हाती आलं. वय वर्षं अठ्ठावीस! इतक्या लहान वयात असं काम मिळालं की दुसरा कुणीही संगमरवरी घुमट उभा करून मोकळा झाला असता. कोरियांनी विटा, लाकूड, दगडी फरशा आणि कौलं घेतली. सहा मीटर बाय सहा मीटरचं एक साधं एकक घेतलं आणि ते गावातल्या घरांसारखं इकडेतिकडे मांडत नेलं. काही एककं बंद, काही नुसतीच छपराखालची, मध्ये पाण्याचा चौक. खिडक्यांना काच अजिबात नाही, हलवता येतील अशा लाकडी झडपा. १९६३ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं.

कोरियांचं पुढचं सगळं काम समजून घ्यायचं तर तो काळ लक्षात घ्यायला हवा. सिमेंट आणि स्टीलची टंचाई, एसी म्हणजे मोठ्या हॉटेलातली चैन, आणि आर्किटेक्चर मात्र युरोप-अमेरिकेतून शिकून आलेलं. थंड देशात इमारत म्हणजे एक बंद डबा, कारण आतली ऊब बाहेर जाऊ द्यायची नसते. आपल्याकडे गणित उलटं. इथे माणूस दिवसभरात घरात, ओट्यावर, अंगणात, गच्चीवर, झाडाखाली असा फिरत असतो. सकाळी पडवीत बसणारे आजोबा दुपारी माजघरात जातात आणि उन्हाळ्यात रात्री अंगणात झोपतात. म्हणजे आकाशाखालची मोकळी जागा हीसुद्धा एक खोलीच झाली, आणि ती बांधायला जवळपास काहीच खर्च येत नाही. ही गोष्ट कोरियांनी धरली आणि शेवटपर्यंत सोडली नाही.

पहिला मोठा प्रयोग म्हणजे अहमदाबादचं ट्यूब हाऊस. कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी घरं कशी असावीत याची स्पर्धा होती. अपेक्षा होती जिने चढून जायच्या चाळवजा फ्लॅट्सची. कोरियांनी दाखवून दिलं की अरुंद, लांबुळकी घरं एकमेकांना खेटून लावली तर तेवढ्याच जमिनीवर तेवढीच कुटुंबं बसतात आणि प्रत्येकाला जागाही जास्त मिळते. घराची रुंदी जेमतेम ३.६ मीटर आणि लांबी १८ मीटरच्या वर. खरी गंमत सेक्शनमध्ये आहे. छप्पर उतरतं, आतली हवा तापली की त्या उतारावरून वर सरकते आणि वरच्या झरोक्यातून निघून जाते. तिची जागा घ्यायला खालच्या झडपांतून ताजी हवा आत ओढली जाते. आपण फ्लुइड मेकॅनिक्समध्ये ज्याला स्टॅक इफेक्ट म्हणतो तोच हा, फक्त चिमणीच्या जागी अख्खं घर! पंखा नाही, मोटर नाही, वीजबिल शून्य. १९६२ च्या आसपास बांधलेलं ते नमुन्याचं घर १९९५ मध्ये पाडलं गेलं.

त्यानंतर अहमदाबादलाच पारेख हाऊस. यात एकाच घराचे दोन सेक्शन. उन्हाळी भाग खाली रुंद आणि वर निमुळता, म्हणजे डोक्यावरून येणारं ऊन कमी जागेवर पडेल. हिवाळी भाग नेमका उलटा, वर मोकळा, ऊन अंगावर घेणारा. घरातली माणसं ऋतूप्रमाणे आणि वेळेप्रमाणे एका भागातून दुसऱ्यात जायची. ऐकायला सोपं वाटतं. पण हॉस्टेलच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर ज्यांनी मे महिना काढलाय त्यांना विचारा, डोक्यावरचा स्लॅब म्हणजे काय चीज असते ते.

आता मुख्य गोष्ट. वर सांगितलेली सगळी घरं जमिनीला टेकलेली होती. मुंबईत जमीन कुठे आहे? १९७० मध्ये कंबाला हिलवर एका उंच निवासी इमारतीचं काम कोरियांकडे आलं आणि प्रश्न उभा राहिला की अंगण आणि पडवी आकाशात न्यायची कशी.

मुंबईचा पेच असा आहे. वारा हवा असेल तर घराचं तोंड पश्चिमेकडे करावं लागतं, कारण समुद्र तिकडे. पूर्वेला बंदर, म्हणजे दोन्हीकडे चांगला देखावाही मिळतो. पण दुपारचं रणरणतं ऊन पश्चिमेकडूनच येतं आणि जूनमध्ये पावसाची झोड उठते तीही त्याच बाजूने. म्हणजे जी दिशा हवीहवीशी तीच त्रासाची. जुन्या बंगल्यांनी यावर उपाय शोधला होता. राहत्या खोल्यांभोवती चारी बाजूंनी व्हरांडा. ऊन आणि पाऊस व्हरांड्यात अडायचे, वारा तेवढा आत यायचा. कोकणातल्या घरांची पडवी तरी दुसरं काय करते? कोरियांनी नेपियन सी रोडच्या सोनमर्ग या इमारतीत (१९६६) राहत्या खोल्यांभोवती असा दुय्यम जागांचा पट्टा आधी करून पाहिला होता. कांचनजंगामध्ये त्यांनी तोच विचार थेट कोपऱ्यांवर नेला.

इमारत २१ मीटर बाय २१ मीटरची आणि उंची ८४ मीटर, म्हणजे बरोबर एकास चार. अठ्ठावीस मजले आणि फ्लॅट फक्त ३२, तीन बेडरूमपासून सहा बेडरूमपर्यंतचे. हे फ्लॅट एकावर एक ठेवलेले डबे नाहीत. ते एकमेकांत गुंतवले आहेत, आतमध्ये थोड्या थोड्या पायऱ्यांनी पातळी बदलते आणि प्रत्येकाला कोपऱ्यात दोन मजले उंचीची खोल गच्ची मिळते. या गच्चीवर झाडं लावता येतात, खुर्ची टाकून बसता येतं, आणि मुख्य म्हणजे तिच्यामागची खोली ऊन-पावसाच्या तडाख्यापासून आत राहते. दोन मजले उंच असल्यामुळे तिथे वारा खेळतो. बाहेरून पाहिलं तर सरळ पांढऱ्या ठोकळ्याचे कोपरे कुणीतरी सुरीने कापून काढल्यासारखे दिसतात.

आर्किटेक्टने कोपरा कापला, निस्तरायचं कुणी? अर्थातच स्ट्रक्चरल इंजिनिअरने! इथे ते होते शिरीष पटेल, मुंबईचा पहिला फ्लायओव्हर, म्हणजे केम्प्स कॉर्नरचा, ज्यांनी डिझाइन केला तेच. कोपऱ्यात मोकळी गच्ची हवी म्हणजे नेहमीच्या फ्रेमसारखा तिथे कॉलम उभा करता येत नाही. त्यामुळे गच्च्या कँटिलीव्हर केल्या, काही ठिकाणी तर ६.३ मीटरपर्यंत. वाऱ्याचा आणि भूकंपाचा आडवा भार मुख्यतः मधल्या ७.८ मीटरच्या कोअरने घ्यायचा, ज्याच्या आत लिफ्ट आणि जिने आहेत. हा कोअर स्लिपफॉर्म पद्धतीने चढवला. म्हणजे काँक्रीटचा साचा जॅकवर हळूहळू वर सरकत राहतो आणि ओतणं थांबत नाही, आधी मजला मग पुन्हा शटरिंग असा प्रकार नाही. त्या काळात आपल्याकडे निवासी इमारतीसाठी हे नवीनच होतं. सिव्हिलच्या मित्रांनो, व्हायवाला कँटिलीव्हरचं उदाहरण विचारलं तर छज्जा सांगू नका, कांचनजंगा सांगा. एक्स्टर्नल खूश होईल.

इमारत १९८३ मध्ये पूर्ण झाली. या कामात कोरियांबरोबर आर्किटेक्ट प्रवीणा मेहता होत्या. पुढे मलेशियात केन यांग यांनी मेनारा मेसिनियागा नावाचा हवामानाशी जमवून घेणारा ऑफिस टॉवर बांधला तो १९९२ मध्ये, आणि मिलानचे झाडांनी भरलेले ते प्रसिद्ध जोड टॉवर आले २०१४ मध्ये. मुंबई या बाबतीत पुढे होती, हे आपल्यालाच माहीत नसतं.

मग उपनगरातल्या टॉवर्सनी हे उचललं का नाही? माझ्या मते कारण डिझाइनमध्ये नाही, हिशोबात आहे. खोल गच्ची म्हणजे विकता न येणारी जागा असं बिल्डरला वाटतं. बाल्कनी एफएसआयमधून मोकळी होती तेव्हा ती कागदावर दाखवायची आणि मग प्रीमियम भरून बंद करून खोलीत घ्यायची, हा प्रकार अंधेरी-बोरिवलीच्या सोसायट्यांमध्ये सर्रास झाला. २०१२ च्या नियमबदलाने बाल्कनी, फ्लॉवर बेड वगैरे एफएसआयमध्ये मोजायला सुरुवात झाली आणि बदल्यात फंजिबल एफएसआय आला. चोरवाट बंद झाली हे बरंच झालं, पण मग बाल्कनी ठेवायचीच कशाला, हा विचारही त्यातूनच आला. आणि कांचनजंगा श्रीमंतांची इमारत आहे हेही मान्य करायला हवं. ३२ कुटुंबांसाठी अठ्ठावीस मजले हे गणित भांडुपला परवडणारं नाही.

ही गोष्ट कोरियांना कुणी सांगायची गरज नव्हती. उलट सर्वसामान्यांसाठी उंच इमारती नकोतच, असं त्यांचं आयुष्यभराचं मत होतं. लिफ्ट, पंप, जास्तीचं स्टील आणि सिमेंट यांचा खर्च गरीब माणसाच्या डोक्यावर बसतो आणि वर त्याचं अंगणही जातं. दोन-तीन मजल्यांची दाट वस्ती पुष्कळ माणसं सामावून घेते, हे त्यांनी सीबीडी बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये (१९८३ ते ८६) करून दाखवलं. सात घरं आणि मध्ये आठ मीटर बाय आठ मीटरचा चौक. असे तीन गट मिळून थोडा मोठा चौक, असं करत करत अख्खी वसाहत. दोन घरांची भिंत सामाईक नाही, म्हणजे ज्याला जेव्हा जमेल तेव्हा त्याने आपलं घर वाढवावं, शेजाऱ्याला विचारायला नको. लोकांनी ते इतकं मनावर घेतलं की आज मूळ घरं शोधावी लागतात! काही जण याला प्रयोग फसला म्हणतात. मला तरी तसं वाटत नाही, कारण वाढवण्यासाठीच तर ती घरं दिली होती आणि चौक अजून चौकच आहेत.

बेलापूर म्हणजे नवी मुंबई, आणि नवी मुंबईच्या मुळाशीही कोरियाच आहेत. १९६४ मध्ये मुंबईचा विकास आराखडा जाहीर झाला. शहर दक्षिणेला चिंचोळं, कचेऱ्या सगळ्या फोर्टात आणि माणसं राहणार उत्तरेला, दोन रेल्वेमार्गांच्या कडेने. म्हणजे सकाळी सगळा लोंढा एका दिशेने, संध्याकाळी उलट. बोरिवलीची फास्ट किंवा मुलुंडची गर्दी ज्याने खाल्लीय त्याला याचं डायग्राम काढून द्यायला नको. कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी १९६५ मध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकातून पर्याय मांडला. शहर उत्तरेला ताणत बसण्यापेक्षा खाडी ओलांडून पूर्वेला जा, आणि सरकारी कचेऱ्या तिकडे हलवा म्हणजे नोकऱ्या आपोआप येतील. तिघेही तरुण, हाती सत्ता नाही, तरी सरकारने ते मान्य केलं. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि कोरिया तिचे चीफ आर्किटेक्ट झाले. पुढची काही वर्षं ते त्या पदावर होते.

पण ज्या एका गोष्टीवर सगळं उभं होतं ती झाली नाही. मंत्रालय जागचं हललं नाही. उलट बॅकबेला समुद्रात भर घालून नरिमन पॉइंट उभा राहिला आणि १९८१ मध्ये नवं विधान भवनसुद्धा तिथेच झालं. वाशीला पहिली लोकल पोचली ती १९९२ मध्ये. कोरियांच्या आयुष्यातली ही सर्वात मोठी हार म्हणायला हवी, आणि तिची किंमत आपण रोज पासाबरोबर भरतो. १९९६ मध्ये गिरण्यांच्या जमिनींचा अभ्यास करायला सरकारने नेमलेल्या गटाचेही ते प्रमुख होते. तिथेही मोकळ्या जागा आणि स्वस्त घरं यांचा मोठा वाटा सुचवला गेला आणि २००१ च्या नियमबदलाने तो आकसला. लोअर परळचं काय झालं ते ट्रेनच्या खिडकीतून दिसतंच.

बाकी कामांची यादी लांब आहे. भोपाळचं भारत भवन, जयपूरचं जवाहर कला केंद्र, पणजीची कला अकादमी, पुणे विद्यापीठातलं डॉ. नारळीकरांचं आयुका. लिस्बनचं कॅन्सर संशोधन केंद्र आणि त्यांच्या स्वतःच्या एमआयटीतली मेंदूविज्ञानाची इमारत. सगळं निर्दोष होतं असं नाही. दिल्लीच्या कॅनॉट प्लेसजवळची एलआयसीची जीवन भारती इमारत १९८६ मध्ये पुरी झाली, तिला चक्क आरशासारखी काच आहे. ज्याने झडपांनी आयुष्याची सुरुवात केली त्याने दिल्लीच्या उन्हात काच का लावावी, हा प्रश्न विचारायला हरकत नाही. समोरची झाडं आणि जुन्या इमारती तिच्यात दिसतात हे खरं, पण प्रतिबिंबाने खोली थंड होत नाही.

मानसन्मान भरपूर मिळाले. १९७२ मध्ये पद्मश्री, १९८४ मध्ये ब्रिटनच्या रिबा संस्थेचं रॉयल गोल्ड मेडल, २००६ मध्ये पद्मविभूषण. १९८५ पासून तीन वर्षं ते राष्ट्रीय नागरीकरण आयोगाचे अध्यक्ष होते. २०१३ मध्ये त्यांनी आपली हजारो ड्रॉइंग्ज रिबाच्या संग्रहाला दिली. १६ जून २०१५ रोजी मुंबईतच त्यांचं निधन झालं, तेव्हा आमची बॅच प्रायमरीत होती.

कांचनजंगा खाजगी आहे, वॉचमन आत सोडणार नाही. पण पेडर रोडच्या बाजूने मान वर केली की कापलेले कोपरे दिसतात. आजूबाजूला आता तिच्याहून उंच इमारती आल्यात, तरी ती ओळखू येते. त्याहून सोपं म्हणजे दादरचं पोर्तुगीज चर्च. तेही कोरियांचंच, १९७७ चं. वर काँक्रीटची मोठमोठी शेल्स आहेत आणि गरम हवा त्यांच्यातून वर निघून जाते, म्हणजे पुन्हा तीच ट्यूब हाऊसची युक्ती. दादर वेस्टला उतरून चालत जाता येतं. दुपारी बाराच्या उन्हात जा आणि आत दहा मिनिटं बसा, फरक लगेच कळेल.